गालावरची पाच बोटं

“पाच बोटं उठलीत बघा गं. दोन्ही गालांवर.”

मोठीमायनं नातवाची हनुवटी धरली होती. त्याचं तोंड ती एकेका बाईकडं फिरवून दाखवत होती. ओसरीवर कुरडया घालायला बाया जमलेल्या. गव्हाचा चीक शिजून तयार. सोऱ्या फिरवणारे हात जागच्या जागी थांबले. सगळ्यांनी आधी विराजकडं बघितलं. मग माझ्याकडं.

विराज चार वर्षांचा. गाल खरंच लाल होते. कोणी रागानं थापड हाणावी तसे लाल. पण बोटं नव्हती. मला एकही बोट दिसलं नाही. तिथल्या प्रत्येक बाईला पाच दिसली.

“सकाळी लई रडत होतं लेकरू,” एक बाई म्हणाली. “मी ऐकलं ना.”

“तोंड पुसत होते जी त्याचं,” मी म्हणाले. “नाक वाहून सुकलं होतं. ओल्या फडक्यानं पुसत होते.”

“जी म्हणं जी! शेळीवानी जी जी करती आन् पाठीमागं हात चालवती.”

बाया हसल्या. मोठीमाय हसली नाही.

कोणीतरी म्हणालं, बेलभंडारा आणा. बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन देवाची शपथ उचलायची, अशी इकडची रीत. मोठीमायनं हात झटकला.

“तिला काय करायचा भंडारा? यांचा तर देवच न्हाई. देव न्हाई तर शपथ लागंल कशी? लेक हाय न्हवं तिला? मंग लेकीवर घे म्हणावं.”

माझी लेक प्रज्ञा पायरीवर बसून पाटीवर चित्र काढत होती. नऊ वर्षांची. तिला उठवून माझ्यासमोर उभं केलं. तिचं डोकं उन्हानं गरम झालेलं. मी हात ठेवला. म्हणाले, “मी विराजला मारलं नाही.”

“जोरात.”

“मी विराजला मारलं नाही.”

खरं होतं ते. तरीही मला त्याच्या पाया पडायला लावलं. “मारलं नसंल तरी पड. लेकराच्या पाया पडून काय झिजतंय का?” मी पडले. प्रज्ञा बघत होती. मी उठले तेव्हा ती बघायची थांबली आणि परत चित्र काढायला लागली. मला वाटतं ती त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडून काहीतरी शिकली. काय शिकली ते मी तिला अजून विचारलेलं नाही.

कुरडयांना त्या दिवशी मला हात लावू दिला नाही.

मी कोण ते सांगते. गाव माझं चंद्रपूरकडं, धानाच्या मुलखात. तिथून आम्ही कामाला इकडं आलो. जालना जिल्ह्यात, आष्टीपासून आत, उसा-कपाशीच्या रानात या लोकांचा आखाडा. आखाडा म्हणजे शेतातलं घर, पण या घराला वर गच्ची, खाली दोन गाड्या. नवरा त्यांच्या हार्वेस्टरवर. गहू निघायला लागला की मशीन मध्य प्रदेशात जायची, नवरा तिच्याबरोबर. मी आणि लेक गोठ्याच्या शेजारच्या खोलीत. घरातलं सगळं मी करायची. विराजलाही मीच सांभाळायची. मोठीमाय म्हणजे मालकाची आई. मालकाला सगळे बापू म्हणायचे.

प्रज्ञाला सिकलसेल आहे. आमच्याकडं हा शब्द बारक्या पोरांनाही ठाऊक. माणसाची लाल पेशी गोल असते, हिची विळ्यासारखी वाकडी. माझ्यात अर्धं होतं, नवऱ्यात अर्धं होतं. दोघांचं मिळून तिच्यात पूर्ण उतरलं. रक्त सदा कमी. कधी हाडांत अशा कळा उठतात की पोरगी चादर चावते.

माझा धाकटा भाऊ यातच गेला. त्याला सांभाळायला म्हणून मी सातवीतून घरी बसले, ती परत शाळेत गेलेच नाही. तो गेला तेव्हा थोड्याच दिवसांत चुन्यासारखा पांढरा पडला होता. गाव म्हणालं, बाहेरचं लागलं. आईनं कोंबडं उतरवलं. कोणी कारण सांगितलं नाही. कोणाला ठाऊकच नव्हतं.

म्हणून मी भिते. सर्दी झाली की भिते, पोरगी जास्त झोपली की भिते. आणि भिणारा माणूस लवकर मिंधा होतो. आम्ही आखाड्यावर आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात प्रज्ञाच्या पायांत कळा उठल्या, तेव्हा बापूंनी स्वतः गाडी काढली. जालन्याला नेलं. दवाखान्याच्या दारात थांबले, तिला बिस्किटं आणून दिली. हे खोटं नाही. तेव्हापासून मी त्या घराला मान वर करून उत्तर दिलं नव्हतं. आमचे कप खिडकीत वेगळे ठेवायचे, मी म्हणायची, ठेवू दे. ‘तुमच्या लोकांच्या रक्तातच खोट’ असं मोठीमाय पाहुण्यांना सांगायची, मी चहा पुढं करायची. दुखलं तर गाडी आहे ना. तेवढं पुरे.

कप वेगळे, पण विराजला ते कुठं कळत होतं. तो प्रज्ञाच्याच ताटात जेवायचा. तिच्या हातातला अर्धा पेरू ओढून घ्यायचा, चावून परत द्यायचा. गाल लाल व्हायच्या आधी त्याला सर्दी झाली होती, अंग बारीक तापलं होतं. त्या दिवसांतही तो तिच्याच मांडीवर. नाक तिच्या फ्रॉकला पुसायचा. ती म्हणायची, “ई, शेंबड्या,” आणि त्याला आणखी जवळ घ्यायची.

शपथ झाली. त्याच्या गालांची लाली उतरली. मग त्याच्या दंडांवर, मांड्यांवर जाळीसारखे लालसर पट्टे दिसायला लागले. वहिनी, म्हणजे बापूंची बायको, म्हणाली, घामोळं असंल. पावडर लावली. ते पट्टे बघून कोणी म्हणालं नाही, की दंडावर कोणी मारलं.

मग प्रज्ञा पडली.

आधी शाळेत जायला नको म्हणाली. मग जेवायला नको. मग पाणी प्यायला उठली तर भिंत धरून खाली बसली. सकाळच्या उजेडात मी तिचं तोंड बघितलं. ओठ दिसतच नव्हते. चेहऱ्याच्याच रंगाचे. खालची पापणी ओढून बघितली. आत लाल असतं ना सगळ्यांना, तिथं काही नव्हतं. माझा भाऊ असाच दिसत होता.

सरकारी गाडीला फोन लावला. ती लांब गेली होती, वेळ लागेल म्हणाले. मी बापूंकडं धावले.

बापू चावी घेऊन लगेच बाहेर आले. पण मोठीमाय खोलीपर्यंत आली. खाटेवर प्रज्ञाला बघितलं आणि दारातच थांबली. तोंडावर पदर घेतला. ती घाबरली होती, खरोखर घाबरली होती, हे मला सांगायलाच हवं. तिनं नाटक केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

“शपथ लागली,” ती म्हणाली. “खोटी शपथ घेतलीस तू लेकीवर. बघ, रक्तच आटलं तिचं.”

“गाडी काढा जी,” मी म्हणाले.

“गाडीनं काय व्हणार? शपथ अंगात घेऊन नेलीस तर वाटंतच जाईल पोरगी. आधी कबूल कर. सोडव शपथ. तुझ्याच लेकीसाठी सांगून राह्यले बाई मी.”

मी बापूंकडं बघितलं. चावी त्यांच्या हातात होती. ते मोबाईल बघत होते.

“बापू.”

“जल्दी सांगून टाक काय ते,” ते म्हणाले. मान वर न करता. “उगं टाइम जातोय.”

प्रज्ञाचा श्वास कुत्र्यासारखा चालला होता. छाती फ्रॉकवरून उडताना दिसत होती.

“मारलं,” मी म्हणाले.

“कशानं?”

“हातानं.”

“कंच्या हातानं?”

“उजव्या.”

“कामून मारलंस लेकराला?”

मी म्हणाले, “रडत होता म्हणून.”

गड्यांच्या बाया जमल्या होत्या. सगळ्यांनी ऐकलं. मोठीमायनं विराजला आणवलं, त्याला पाटावर उभं केलं, माझ्या हातानं त्याच्या पायांवर पाणी घालायला लावलं. खाली ताटली धरली. “लेकरू म्हंजी देव. लाव ते पाणी लेकीच्या ओठाला. सुटंल शपथ.”

विराजला मजा वाटत होती. तो पाय आपटत होता. पाण्यात माती उतरली होती. मी ते पाणी बोटानं माझ्या लेकीच्या ओठांना लावलं. तिनं जीभ बाहेर काढून चाटलं. तहान लागली होती तिला.

मग गाडी निघाली.

आष्टी मागं पडलं, परतूर मागं पडलं. प्रज्ञाचं डोकं माझ्या मांडीवर. आणि मी काय विचार करत होते ते सांगते. मी विचार करत होते की कबूल केलं, आता वाचेल. माझा उजवा हात माझ्याच मांडीवर पडलेला, आणि मला तो विराजच्या गालाला लागलेला आठवायला लागला. आवाजसुद्धा आठवायला लागला. जे झालंच नव्हतं त्याचा आवाज. माणसाला इतकं खाली दाबता येतं की त्याची आठवणसुद्धा मालकाची होते.

जालन्याच्या दवाखान्यात प्रज्ञाला आत घेतलं. सुया, नळ्या, तोंडाला ऑक्सिजन. डॉक्टर बाई तरुण होत्या, आवाज बसलेला. रक्ताचा रिपोर्ट बघून त्यांनी नर्सला लगेच रक्त मागवायला सांगितलं. मग मला बाजूला घेतलं.

“घरात किंवा शेजारी कोणाला सर्दी-ताप होता का एवढ्यात?”

“होता जी. मालकाच्या पोराला.”

“त्या मुलाचे गाल लाल झाले होते का? कोणी थोबाडीत मारल्यासारखे?”

मला वाटलं, इथंही खबर पोचली. आता पोलीस येतील. मी हात जोडले. “मी नाही मारलं जी. मी कबूल केलं, पण मी नाही मारलं.”

डॉक्टर बाईंनी माझे जोडलेले हात खाली केले. “कोण म्हणतंय तुम्ही मारलं?”

मी सगळं सांगितलं. भिंतीला टेकून, एका दमात. शपथ, पाटावरचं पाणी, सगळं. त्यांनी मध्ये थांबवलं नाही. मग त्या माझ्या शेजारी बाकड्यावर बसल्या.

“हा एक विषाणू आहे,” त्या म्हणाल्या. “लहान मुलांत फिरतो. आधी साधी सर्दी, बारीक ताप. तेव्हा तो एकाकडून दुसऱ्याकडं जातो. नंतर काही दिवसांनी गाल लाल होतात, मग हातापायांवर जाळीसारखं उठतं. तोवर मूल बरं होत आलेलं असतं. त्याच्या शरीरानं विषाणूला ओळखलं आणि त्याच्याशी लढलं, त्याची ती खूण.”

“आणि माझ्या लेकीला?”

“हाडांच्या आत मगज असतो. तिथं रक्त तयार होतं. हा विषाणू नेमका तिथं शिरतो आणि काही दिवस काम बंद पाडतो. धडधाकट मुलाला ते कळतही नाही. त्याच्या लाल पेशी महिनोन् महिने टिकतात, जुन्यावर भागतं. प्रज्ञाच्या वाकड्या पेशी थोड्याच दिवसांत मरतात. नवीन येणं थांबलं की तिच्याजवळ शिल्लक काही राहत नाही.”

“मग शपथ?”

“शपथेनं रक्त आटत नाही, ताई.”

“वाचेल का?”

“उशीर झालाय, पण तिचंही शरीर लढेल. तोवर दुसऱ्याच्या रक्तावर तिला धरून ठेवू.”

मला भाऊ आठवला. आईनं उतरवलेलं कोंबडं आठवलं. त्याच्या वेळीही गावात एखादं लाल गालांचं पोर खेळत असेल का? कोण सांगणार. मी तिथं रडले नाही. माझ्या आत काहीतरी ताठ झालं. त्याला मी तेव्हा नाव देऊ शकले नाही.

रक्त चढलं. रक्तपेढीत त्याच्या बदल्यात कोणीतरी रक्त द्यायचं होतं. बापूंनी दिलं. बाही वर करून झोपले, रक्त दिलं, वर मला चहा आणून दिला. हेही खोटं नाही. मी आजही त्या रक्ताची आभारी आहे. म्हणूनच पुढचं जड गेलं.

पुढं मोठ्या तपासणीचा रिपोर्ट आला, त्यात तोच विषाणू निघाला. मी डॉक्टर बाईंना म्हणाले, हे सगळं आमच्या मालकांनाही सांगा. त्यांनी बापूंना बोलावून जसंच्या तसं सांगितलं. बापू शिकलेले. त्यांनी दोन प्रश्न विचारले. उत्तरं नीट ऐकली. म्हणजे त्यांना कळलं. कळलं नसतं तर मी कदाचित गप्प बसले असते.

काही दिवसांनी डॉक्टर बाई म्हणाल्या, मगज जागा झाला, नवीन पेशी दिसायला लागल्या. प्रज्ञानं वरणभात मागितला. त्याच दुपारी बापू आले. मला व्हरांड्यात बोलावलं.

“मायनं सगळीकडं सांगितलंय,” ते हसून म्हणाले. “तू कबूल केलं म्हणून पोरगी वाचली. आख्खी आष्टी बोलून राह्यली. आता घरी आली की मायला एक जेवण घालायचंय. बाया येतील. तू सगळ्यांसमोर विराजच्या पाया पड, की संपली बघ शपथ.”

“बापू, डॉक्टर बाईंनी सांगितलं ना तुम्हाला.”

“सांगितलं ना. बराबर हाय त्यांचं.”

“मग?”

“मंग काय? ते तुला कळलं, मला कळलं. बास. आता बायांसमोर मायचं तोंड पाडायचं का? म्हातारं माणूस हाय. तुझं काय जातंय त्यात? पोरगी वाचली ना?”

तुझं काय जातंय. त्यांनी हे प्रेमानं विचारलं. त्यांच्या आईचं तोंड पडायला नको. माझं पडलेलंच होतं, ते उचलायचं कशाला?

“मी येणार नाही,” मी म्हणाले.

“म्हंजी?”

“जेवणाला येणार नाही. पाया पडणार नाही. मी मारलं नव्हतं. गाडीसाठी खोटं बोलले. तुमच्या हातात चावी होती म्हणून बोलले.”

त्यांचं हसू गेलं. “रक्त दिलंय मी तुझ्या पोरीसाठी.”

“दिलंय. जन्मभर विसरणार नाही. पण त्यानं मी मारलं असं होत नाही.”

“तुला परत गाडी लागंल, बाई. विचार कर.”

मी विचार केला. खरंच केला. लागेल, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

“लागेल,” मी म्हणाले. “तरी नाही.”

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. बापूंनी त्याला लावला होता. “गप राह. त्यांचीच मशीन आहे. पडली पाया तर काय होते?” मी म्हणाले, “तू पड.” त्यानं फोन ठेवला. त्याला मी दोष देत नाही. आम्ही दोघं एकाच भीतीत लग्न केलेली माणसं.

सामान आणायला मी एकदाच आखाड्यावर गेले. लेकीला दवाखान्यात शेजारच्या बाईजवळ ठेवून, एसटीनं. ओसरीवर शेवया चालल्या होत्या. बाया बहुतेक त्याच. खोलीकडं मागून जाता आलं असतं. मी ओसरीसमोर गेले.

“मी विराजला मारलं नव्हतं,” मी म्हणाले. “त्याला आजार होता. गाल त्यानं लाल झाले. तोच आजार माझ्या लेकीला झाला. डॉक्टरनं बापूंना सांगितलंय. विचारा त्यांना.”

बापू झोपाळ्यावर होते. कोणी त्यांना विचारलं नाही. ते उठून आत गेले.

मोठीमाय शेवयांचा पिठाळ हात तसाच धरून उभी राहिली. ओरडली नाही. हळूच बोलली, आणि ते हळू बोलणं अजून माझ्या कानात आहे. “कबूल केलेली गोष्ट फिरवू नको गं. एकदा सोडलं देवानं. दुसऱ्यांदा न्हाई सोडणार पोरीला.”

एका बाईनं मान खाली घातली. बाकीच्या शेवया करत राहिल्या. मी बोचकं उचलून निघाले.

आता मी जालन्यात आहे. दवाखान्यापासून चालत जाता येईल अशी खोली घेतली. कॉलेजच्या मुलांच्या एका खानावळीत पोळ्या लाटते. नवऱ्याला हंगाम अर्धा असतानाच मशीनवरून उतरवलं. तो इथं आला, बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही. आता बोलतो, पण त्या गोष्टीवर नाही.

डॉक्टर बाई म्हणाल्या, हा विषाणू प्रज्ञाला बहुतेक परत त्रास देणार नाही, शरीरानं त्याला ओळखून ठेवलंय. पण बाकीचे आहेत. पावसाळ्यात डेंग्यू आहे. हिवाळ्यात न्यूमोनिया आहे. सिकलच्या लेकरांचं अंग आतून अर्धं उघडं असतं. ताप आला की वाट बघायची नाही, लगेच आणायचं. मी आणते. खानावळीत कोणी शिंकलं तरी माझा हात पिठात थांबतो.

आणि मोठीमायचं ते बोलणं जात नाही. प्रज्ञा खोकली की आधी तेच आठवतं, थर्मामीटर नंतर. मी फार शिकलेली नाही. आजीनं, आईनं जे भय दिलं ते अंगात आहे, तेही रक्तातूनच आल्यासारखं. डॉक्टरांनी सांगितल्यानं ते धुऊन निघत नाही. कोणी म्हणालं, की तू आता निर्भय झालीस, तर ते खोटं आहे.

पण एक गोष्ट मी ठरवली आहे आणि ती भीतीला विचारून ठरवलेली नाही. गाडी दिली तर घेईन. रक्त दिलं तर हात जोडीन. त्याच्या बदल्यात माझ्या तोंडून माझ्यावरचा आळ कोणाला वदवून घेता येणार नाही. दवाखान्यात सिकलच्या लेकरांच्या आया बसतात, गावोगावच्या. त्यांना मी नावानिशी, घरानिशी सांगते काय झालं ते. लेकराचे गाल लाल दिसले तर काय समजायचं ते सांगते. आष्टीच्या बाजारात उभं करून विचारलं तर तिथंही सांगीन.

मी मारलं नव्हतं. उद्या माझ्या लेकीचं रक्त परत उतरलं, तिचे ओठ परत पांढरे पडले, तरी मी हेच म्हणेन.